चारशे बारा नंबरची बुरशी

संस्थेत सगळे त्यांना बुरशीकाकू म्हणत. हे नाव कुणी पाडलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, आणि काकूंना त्याचा राग येण्याचे दिवसही कधीच मागे पडले होते. त्यांच्या नवऱ्याला तर ते इतकं आवडलं होतं, की पावाच्या तुकड्यावर हिरवा ठिपका दिसला की तो तुकडा त्यांच्यापुढे नाचवत म्हणायचा, "घे, तुझं ऑफिस घरी आलंय."

काकूंचं काम बुरश्या जगवण्याचं. तळमजल्यावर जिन्यामागे एक लांबट खोली होती. खिडक्या कायमच्या बंद, भिंतीला लागून पाच फ्रीज, मधोमध पांढरं टेबल, त्यावर स्पिरिटचा दिवा आणि लांब दांड्याची सुई. फ्रीजमध्ये काचेच्या नळ्यांत नऊशे सात बुरश्या होत्या. कुठली झाडाच्या सालीवरून आणलेली, कुठली ओल्या भिंतीवरून खरवडलेली, एक तर कुणाच्या तरी जुन्या बुटातली. नळीत बटाट्याचं सत्त्व तिरकं गोठवलेलं, त्यावर बुरशीची लव, तोंडाला कापसाचा बोळा. दर सहा महिन्यांनी प्रत्येकीला नव्या नळीत हलवावं लागे. सुई ज्योतीवर लाल करायची, निवू द्यायची, टाचणीच्या डोक्याएवढा कण उचलून नव्या नळीत ठेवायचा, नंबर लिहायचा, रजिस्टरात नोंद करायची. छत्तीस वर्षं त्यांनी हे केलं होतं. सेवानिवृत्तीला आता सात महिने उरले होते.

त्या इथे लागल्या होत्या काचसामान धुवायला, वयाच्या तेविसाव्या वर्षी. त्या वेळी विभागप्रमुख होते थोरले सर. एकदा सरांनी त्यांना धुतलेली नळी उजेडात धरून निरखताना पाहिलं आणि विचारलं, "काय बघतेस?"

"कोपऱ्यात काहीतरी राहिलंय, सर. तीनदा धुतली तरी जात नाही."

सरांनी भिंग लावून पाहिलं. ओरखडा होता, केसाएवढा. दुसऱ्या दिवसापासून सरांनी त्यांच्या हातात सुई दिली. हात थरथरत नाही आणि डोळा फसत नाही, एवढी दोन सर्टिफिकेटं पुरेत, असं सर म्हणाले. काकूंनी पुढं आयुष्यभर ती दोन सर्टिफिकेटं जपली. बुरश्यांची लांबलचक शास्त्रीय नावं त्यांना पाठ झाली, पण ओळख असे ती रंगावरून, पोतावरून आणि वासावरून. ही शाईसारखी, ती ओल्या मातीसारखी. थोरल्या सरांची चारशे बारा नंबरची बुरशी उघडली की पेन्सिल तासल्यावर येतो तसा वास यायचा.

चारशे बारा ही सरांची लाडकी. एका जंगलात कुजक्या खोडावर ती त्यांना सापडली होती, आणि वर्षभर तपासून, चित्रं काढून, त्यांनी सिद्ध केलं होतं की ही जात आजवर कुणी नोंदवलेलीच नाही. तिला नाव त्यांनी दिलं. आयुष्यभरात त्यांनी नाव दिलेली ती एकच जात. तिची जिवंत नळी काकूंच्या फ्रीजमध्ये, आणि मूळ खोडाचा वाळका तुकडा कागदी पाकिटात घालून जुन्या लाकडी कपाटात. ते कपाट कित्येक वर्षांत कुणी उघडलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावर मॅडम आल्या. वय चौतीस, चाल भरभर, बोलणं त्याहून भरभर. त्यांनी ठरवलं की संग्रहातल्या बुरश्यांचे जीनोम वाचून काढायचे. म्हणजे प्रत्येक बुरशीच्या पेशीत जी जनुकं असतात त्यांची सगळी अक्षरं यंत्रावर उतरवून घ्यायची. काकूंना त्यांनी ते पहिल्याच दिवशी समजावलं.

"काकू, तुमच्या बुरश्या कशा आहेत सांगू? घरात पंचवीस भांडी, पण बाई रोज एकच कढई काढते. आपण म्हणतो, हिच्याकडे एवढंच आहे. जीनोम वाचला की अख्खं कपाट उघडतं. कुठली जनुकं शेजारीशेजारी बसून एखादं रसायन बनवू शकतात, ते दिसतं. मग त्या बुरशीला थोडं उपाशी ठेवायचं, थोडं चिडवायचं, की ती ते भांडं बाहेर काढते."

"आणि ते भांडं कामाचं निघालं तर?"

"तर औषध. निदान औषधाची सुरुवात."

काकूंना मॅडम आवडल्या. इतकी वर्षं वरचे लोक नळ्या न्यायचे आणि रिकाम्या पाठवायचे, समजावून कुणी सांगितलं नव्हतं. तीनशे चाळीस बुरश्या काकूंनी त्यांना काढून दिल्या, ताज्या, स्वच्छ, नंबर घातलेल्या. त्यांत चारशे बाराही होती. ती देताना त्यांचा हात किंचित रेंगाळला, पण दिली.

आणि नेमकी तीच निघाली भाग्याची. दवाखान्यांत अलीकडे एक यीस्ट माजलं होतं. रोग्याच्या रक्तात शिरलं की उपलब्ध असलेल्या एकाही औषधाला दाद देत नसे. चारशे बाराच्या जीनोममध्ये मॅडमना चौदा जनुकांचा एक गट दिसला, आजवर कुठेच न पाहिलेला. त्यांनी बुरशीला उपाशी ठेवलं, चिडवलं, आणि तिने एक पिवळसर रसायन ओकलं. त्याचा एक थेंब ठेवला की भोवतीचं यीस्ट वाढायचं थांबे. मॅडम त्या दिवशी जिना उतरून धावत खाली आल्या आणि काकूंना मिठी मारली. काकूंच्या हातात सुई होती, ती त्यांनी कशीबशी लांब धरली.

सोमवारच्या बैठकीत मॅडमनी सगळं मांडलं. काकूंना रजिस्टर घेऊन बोलावलं होतं, त्या दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या होत्या. मॅडम शेवटी म्हणाल्या, "एक गंमत आहे. जीनोमवरून बघितलं तर ही बुरशी थोरल्या सरांनी म्हटलेल्या कुळातली नाहीच. दूरची, अगदी साधी, आधीच नाव असलेली जात आहे. म्हणजे मूळ ओळखच चुकली. सरांनी दिलेलं नाव रद्द करावं लागेल. शोधनिबंधात तसं एक वाक्य घातलंय."

कुणीतरी म्हणालं, "त्यांनी भिंगातून बघून नाव ठेवलं, आता आपण त्यांना नावं ठेवतोय."

सगळे हसले. मॅडमही हसल्या. काकूंनी रजिस्टर छातीशी धरलं. चूक थोरल्या सरांची नव्हती. ती कुणाची होती हे त्या खोलीत एकाच माणसाला ठाऊक होतं.

पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या वर्षी काकूंच्या आईला पक्षाघात झाला आणि त्या तिला आपल्या घरी घेऊन आल्या. सकाळी तिचं सगळं आवरायचं, दुपारी तासभर धावत घरी जाऊन कूस बदलायची, परत यायचं. त्याच सुमारास खोलीत माइट शिरली. ही कीड मिठाच्या कणाहून बारीक असते. कापसाच्या बोळ्यातून नळीत शिरते, बुरशी खाते आणि पायांना चिकटलेले बीजकण घेऊन शेजारच्या नळीत जाते. एरवी काकूंनी ती पहिल्याच दिवशी ओळखली असती. त्या वर्षी ओळखायला तीन आठवडे लागले. मग त्यांनी जिवाचं रान केलं. सगळे फ्रीज धुऊन काढले, प्रत्येक नळीच्या तोंडाला मोरचुदात भिजवलेला सिगारेटचा पातळ कागद चिकटवला, खराब झालेली एकेक बुरशी पुन्हा वेगळी करून काढली. अकरा नळ्या बाधल्या होत्या. दहा वाचल्या.

अकरावी चारशे बारा. तिची राखीव नळी अडीअडचणीसाठी वर तेलाचा थर देऊन ठेवलेली होती. ती उघडली तर आत सगळं मेलेलं. बाधलेल्या नळीतून काकूंनी पुन्हा पुन्हा कण काढून वाढवले. शेवटी एक करडी-हिरवी बुरशी स्वच्छ वर आली. रंग तोच, कडेला पिवळी झाकही तशीच. काकूंनी बोळा काढून वास घेतला. वास नव्हता.

सर दोन महिन्यांनी सेवानिवृत्त होणार होते. रोज जाता-येता दारातून विचारायचे, "माझी लेक बरी आहे ना?" काकूंनी मनाला समजावलं, वास येईल हळूहळू, आजारातून उठलीय. तिच्यावर नंबर घातला, चारशे बारा. रजिस्टरात बाधलेल्या नळ्या म्हणून दहाच लिहिल्या. आई त्याच महिन्यात गेली. वास कधीच आला नाही, आणि पुढे दर सहा महिन्यांनी, तीस वेळा, काकू तो नंबर आपल्या हाताने लिहीत आल्या.

बैठकीच्या दिवशी घरी गेल्यावर त्यांनी नवऱ्याला पहिल्यांदा हे सांगितलं. नवरा बसचालक होता, चार वर्षांपूर्वी निवृत्त झालेला. पायांना सूज यायची म्हणून तो पाय बादलीत सोडून बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"बुरशी औषधाची निघाली ना?" तो म्हणाला.

"निघाली."

"मग नंबर चारशे बारा असो नाहीतर चारशे तेरा, रोग्याला काय त्याचं?"

"सरांचं नाव खोडताहेत हो. त्यांनी नीट ओळखली होती. मी बदलली."

"तू बदलली नाहीस. किड्यांनी बदलली."

"आणि गप्प कोण बसलं? किडे?"

नवरा जरा वेळ पाण्यात पाय हलवत राहिला. मग म्हणाला, "सात महिने राहिलेत. छत्तीस वर्षांत तुझ्याकडे कुणी बोट दाखवलं नाही. आता आपल्या हाताने तोंडाला काळं फासून घेऊ नकोस. सर ऐंशीचे. त्यांना कोण सांगायला जातंय?"

पण मॅडमनी सांगितलं होतं. वाईट हेतूने नव्हे. निबंध छापून आल्यावर कळण्यापेक्षा आधी कळवावं म्हणून त्यांनी सरांना फोन केला होता, जीनोमची आकृतीही पाठवली होती. दहा दिवसांनी सरांच्या सुनेचा काकूंना फोन आला. "काकू, तुम्ही एकदा येऊन जाल का? बाबा दिवसभर जुने कागद पसरून बसतात. जेवायला उठत नाहीत. मला त्यातलं काही कळत नाही."

काकू रविवारी सकाळी गेल्या. सरांच्या खोलीत पलंगावर, टेबलावर, खाली फरशीवरही चित्रं पसरलेली होती. सर दोन उशांना टेकून भिंगातून एका चित्राकडे बघत होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, भिंगाची कड जवळजवळ पापणीला टेकलेली.

"आलीस? बरं झालं. बस. तुझा डोळा चांगला." त्यांनी चित्र पुढे केलं. "हे बघ. बीजकणांना ही जी टोकं आहेत, ती मी काढलीत. होती म्हणून काढली, का हवी होती म्हणून काढली?"

"होती, सर."

"तुला काय माहीत? जीनोम म्हणतो, नव्हती. जीनोम खोटं बोलत नाही. म्हणजे मीच." ते थांबले. "हौसेपायी माणूस नसलेलं बघतो. मी विद्यार्थ्यांना हेच तर शिकवायचो. आणि इथे एक नसलेलं पाहिलं, तर बाकी किती ठिकाणी पाहिलं असेल?"

उशीखालून त्यांनी लिफाफा काढला. अक्षर वाकडंतिकडं, ओळी एकमेकींवर चढलेल्या. संस्थेला पत्र होतं: संग्रहातल्या ज्या बुरश्यांची ओळख मी एकट्याने पटवली आहे, त्या एकशे साठ नोंदी कुणी विश्वासार्ह धरू नयेत.

"संचालकांच्या हातात दे. पोस्टाने गेलं की हरवतं."

काकूंच्या जिभेवर आलं होतं. तोंड उघडलंही. तेवढ्यात सून चहा घेऊन आली, सरांनी कप धरताना बशीत सांडला, ती पुसायला वाकली, आणि बोलायची वेळ निघून गेली. खरं तर गेली नव्हती. काकूंनी जाऊ दिली. लिफाफा पर्समध्ये ठेवून त्या घरी आल्या.

पुढचे चार दिवस तो लिफाफा त्यांच्याबरोबर कामावर गेला आणि परत आला. तो संचालकांना दिला तर सरांचं सगळं आयुष्य सरांच्याच सहीने रद्द होणार. नाही दिला तर सर विचारणार. फाडून टाकावा, असंही एकदा मनात आलं. बुधवारी त्यांनी सुई गार होऊ न देताच बुरशीला लावली. चर्र आवाज झाला आणि कण जळून गेला. पहिल्या वर्षानंतर त्यांच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

गुरुवारी दुपारी त्या जिना चढून मॅडमच्या खोलीत गेल्या. मॅडम संगणकाकडे तोंड करून बसल्या होत्या.

"बोला, काकू. दोन मिनिटंच हं."

"दोन मिनिटांत नाही होणार, मॅडम. दार लावते."

त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. माइट, अकरा नळ्या, आई, वास. मॅडमची खुर्ची हळूहळू त्यांच्याकडे वळली. सगळं संपल्यावर मॅडमनी पहिल्यांदा विचारलं ते हे: "हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"माझ्या नवऱ्याला."

"म्हणजे मी ज्या बुरशीवर तीन वर्षं घालवली, ती कुठून आली हे कुणालाच माहीत नाही? जंगलातून? शेजारच्या नळीतून? तुमच्या केसांतून?"

"नाही माहीत."

"या बुरशीवर काम करायची परवानगी त्या जंगलाच्या नावाने काढलीय आपण! निबंध जायला आठ दिवस राहिलेत!" मॅडमचा आवाज चढला. "तुम्ही मला त्या दिवशी नळी काढून दिलीत तेव्हा का नाही बोललात? बैठकीत समोर बसला होतात. मी मूर्खासारखी हसत होते आणि तुम्ही बघत होतात!"

"घाबरले," काकू म्हणाल्या. दुसरं काही कारणच नव्हतं. त्यांनी पर्समधून लिफाफा काढून टेबलावर ठेवला. "सरांनी संचालकांना द्यायला सांगितलंय. तुम्ही वाचा आणि काय ते ठरवा."

मॅडमनी पत्र वाचलं. दोनदा वाचलं. मग त्या खिडकीपाशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. "मीही ते लाकडी कपाट उघडलं नाही," त्या म्हणाल्या. "मूळ नमुना तिथे पडलाय आणि मी फोन करून एका म्हाताऱ्या माणसाला सांगितलं की तुम्ही चुकलात." त्या वळल्या. त्यांचा चेहरा निवळलेला नव्हता. "वाळक्या तुकड्यातून जनुकं निघतात का ते बघू. तीन आठवडे लागतील. हे पत्र माझ्याकडे राहू दे. आणि काकू, हे मला संचालकांना कळवावंच लागेल."

"कळवा. सरांना मात्र मी सांगते. तुमचं उत्तर यायच्या आधी."

संध्याकाळी काकू पुन्हा सरांच्या घरी, त्यांच्या खोलीत गेल्या. या वेळी पलंगावर कागद नव्हते, सगळे गठ्ठा बांधून कोपऱ्यात ठेवलेले. काकू खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि सांगून मोकळ्या झाल्या. मोकळं मात्र वाटलं नाही.  सरांनी जुन्या परीक्षकाच्या आवाजात विचारलं, "कण नळीच्या वरच्या टोकाचा घेतला की खालचा?"

"वरचा. खाली माइट जास्त होती."

"खालचा घ्यायला हवा होता. ती खोल रुजते. अन्नात उतरते. हे मी तुला दाखवलं होतं."

"हो, सर."

"राखीव नळी?"

"मेलेली होती."

"म्हणजे माझी चारशे बारा पंधरा वर्षांपूर्वीच गेली." सरांनी भिंतीकडे पाहिलं. "मी सेवानिवृत्तीच्या भाषणात म्हणालो होतो, माझ्यामागे ती जगेल. तू पहिल्या रांगेत बसली होतीस. टाळ्या वाजवल्यास."

काकूंच्या डोळ्यांतून पाणी आलं. सरांना ते दिसलं नाही किंवा त्यांनी पाहिलं नाही.

"गेले पंधरा-वीस दिवस मी स्वतःला लबाड समजत होतो," ते म्हणाले. "चूक वेगळी आणि लबाड वेगळा. ती रात्रंदिवसाची तगमग आहे ना, ती तुम्ही मला दिलीत. बुरशी मेली असं त्या वेळी सांगितलं असतंत, तर मी रागावलो असतो आणि पुन्हा जंगलात गेलो असतो. तेव्हा पाय होते मला."

छत्तीस वर्षांत सरांनी काकूंना कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. त्या उठल्या, नमस्कार केला. सरांनी मान हलवली, एवढंच. सुनेने दारापर्यंत सोडायला येऊन विचारलं, "काही झालं का?" काकू पायऱ्या उतरू लागल्या होत्या.

वाळक्या तुकड्याने तीन नव्हे, पाच आठवडे घेतले. जनुकं तुकड्या-तुकड्यांनी निघाली, पण तेवढी पुरली. थोरल्या सरांची ओळख अचूक होती. जात खरोखरच वेगळी, त्या कुळातली, आणि नाव त्यांचंच. मॅडम स्वतः त्यांच्या घरी गेल्या, माफी मागितली, पत्र परत दिलं. सरांनी ते सुनेकडून फाडवून घेतलं, असं मॅडमनी येऊन सांगितलं. काकूंबद्दल सर काही बोलले का, हे काकूंनी विचारलं नाही, आणि मॅडमनीही सांगितलं नाही.

संस्थेत चौकशी समिती बसली. तिघं जण, एक लांबलचक टेबल, पाण्याचे ग्लास. काकूंनी काही लपवलं नाही, आईचं कारणही पुढे केलं नाही. समितीने ठपक्याचं पत्र त्यांच्या सेवापुस्तकात लावलं आणि उरलेल्या महिन्यांत संग्रहातली प्रत्येक बुरशी तपासायचं काम त्यांच्यावरच टाकलं: काकूंनी कण काढायचा, वरच्या मजल्यावर तिच्या जनुकांचा छोटा तुकडा वाचायचा, नावाशी जुळतो का पाहायचं. जेवणाच्या सुट्टीत पूर्वी काकूंच्या खोलीत चारपाच जणी डबे घेऊन यायच्या. आता दोघी येत, आणि त्याही हवापाण्याचं बोलत.

पिवळ्या रसायनाची बुरशी आता चारशे बारा राहिली नव्हती. संग्रहातल्या कुठल्याच बुरशीशी तिचा जीनोम जुळला नाही. कीड तिला कुठून घेऊन आली कुणास ठाऊक. तिला नऊशे आठ नंबर मिळाला. 'मूळ ठिकाण' या रकान्यात काकूंनी आपल्या अक्षरात लिहिलं, 'माहीत नाही', आणि पहिल्यांदाच शेरा म्हणून आपली चूक तारखेसकट चार ओळींत लिहिली. मॅडमचा निबंध वर्षभर मागे पडला. मधल्या काळात कळलं की ते रसायन यीस्टला मारतं तसं मूत्रपिंडाच्या पेशींनाही मारतं. दोन रसायनतज्ज्ञ त्याचा विषारी भाग छाटता येतो का ते बघताहेत. मॅडम म्हणतात, अजून आशा आहे. पण पूर्वीसारख्या धावत जिना उतरून येत नाहीत.

तपासणीत आतापर्यंत आणखी तीन नळ्या नावाशी जुळल्या नव्हत्या. दोन काकूंच्या आधीच्या काळातल्या. तिसरी, एकशे एकोणऐंशी, हिचा मात्र लाकडी कपाटातला वाळका नमुनाही नळीशी जुळला. म्हणजे नळी बदललेली नव्हती. ओळखच चुकली होती, आणि ती पटवली होती थोरल्या सरांनी.

मॅडमनी कागद काकूंपुढे ठेवला. "सांगायचं का त्यांना? ऐंशी वर्षांचे आहेत. कुणाचं काही अडत नाही."

"नवराही असंच म्हणाला होता," काकू म्हणाल्या. "मी सांगते."

फोन सुनेने उचलला आणि सरांच्या कानाशी धरला. काकूंनी नंबर सांगितला, निकाल सांगितला. 

"एकशे एकोणऐंशी," सर म्हणाले. "हो. मला त्या वेळीच शंका होती. रजिस्टरात नावापुढे मी प्रश्नचिन्ह केलेलं असणार. बघा तुम्ही."

जुनं रजिस्टर टेबलावरच होतं. काकूंनी पान उलटलं. सरांचं ठसठशीत निळं अक्षर, नाव, तारीख, सही. नावापुढे कोरी जागा होती. काकूंनी पान दिव्याजवळ नेलं, खोडलेलं काही दिसतं का ते तिरकं धरून पाहिलं, मागची बाजूही पाहिली.

"आहे ना?" सरांनी विचारलं. आवाज बारीक झाला होता.

काकूंनी डोळे मिटले.

"नाही, सर," त्या म्हणाल्या. "इथे प्रश्नचिन्ह नाहीये."

 मग सुनेचा आवाज आला, बाबांनी फोन बाजूला केलाय म्हणून. काकूंनी बरं म्हटलं, फोन ठेवला, आणि एकशे ऐंशी नंबरची नळी काढण्यासाठी फ्रीज उघडला.